फ्रीझरमध्ये ठेवलेली लस

अठराशे रुपयांची फ्लूची लस मी माझ्या हातानं फ्रीझरमध्ये ठेवली, मटारच्या पिशवीशेजारी, आणि वर आईला दम दिला की उद्या संध्याकाळपर्यंत फ्रीझर कुणी उघडायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच खोकं घेऊन ऐटीत डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी खोकं हातात घेतलं, बोटांना गार लागलं तसं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं ठेवली होती?" म्हटलं फ्रीझरला, एकदम व्यवस्थित. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग आता टाकून द्या." पण तिथपर्यंत कसा आलो ते आधी सांगायला पाहिजे, कारण गोष्ट लशीपासून सुरू होत नाही, माझ्या तापापासून सुरू होते.

ऑगस्ट 2024. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपचं अकाउंट बघतो. त्या आठवड्यात ऑफिसात तिघं खोकत होते, बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून खिडक्या बंद, एक पंखा आणि सहा माणसं. मंगळवारी जेवेपर्यंत मी ठणठणीत होतो आणि चार वाजता अंगात असं काय शिरलं की पेन धरवेना. सर्दी कशी आधी नाक, मग घसा, अशी बेतानं येते, हे तसं नव्हतं, हे उसाचा ट्रॅक्टर अंगावरनं गेल्यासारखं होतं. डोळ्यांच्या मागं दुखतंय, पाठ दुखतेय, पिंढऱ्या दुखतायत आणि थंडी वाजून ताप. घरी आलो, मेडिकलमधनं येताना "तापाचं काहीतरी द्या" म्हणून गोळ्या घेतल्या, त्यात त्यानं अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या पण टाकल्या, मी पण विचारलं नाही कशाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की अझिथ्रोनं काम केलं बघ. फ्लू हा विषाणूचा, अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मला शाळेपासून माहीत असायला पाहिजे होतं. ताप तिसऱ्या दिवशी तसाही उतरणारच होता, श्रेय गोळीनं खाल्लं.

आणि ह्या तीन दिवसांत मी काय केलं? हॉलमध्ये आबांच्या शेजारी कॉटवर पडून राहिलो. आबा म्हणजे माझे वडील, तेव्हा 71 वर्षांचे, पंधरा वर्षं शुगर, 2019 ला महापुराच्या थोडं आधी एक स्टेंट बसलेला. ते माझ्या कपाळावर हात ठेवून बघायचे, मी खोकायचो, ते पाणी द्यायचे, त्याच तांब्यातनं नंतर स्वतः प्यायचे. साधा व्हायरल आहे म्हणून मास्क वगैरे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कोरोनाच्या वेळचे मास्क तर कपाटात शंभराच्या वर पडून होते.

शुक्रवारी आबांना ताप आला. ते म्हणाले, "अंग मोडून आल्यागत झालंय रं." आईनं काढा दिला, आलं-तुळस-गवती चहा, रात्री हळददूध. मी माझ्या हुशारीनं परत अझिथ्रो आणून दिली. दोन दिवस असे गेले. सोमवारी पहाटे आईनं उठवलं, आबा बसून श्वास घेत होते, आडवं पडवत नव्हतं. कोरोनातलं ते बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन शोधलं, त्याचे सेल गेलेले, रिमोटचे काढून घातले, आकडा आला 88.

दवाखान्याचं सगळं सांगत बसत नाही. न्यूमोनिया झालेला, शुगर 380, नाकाला ऑक्सिजनची नळी. नाकातनं स्वॅब घेतला आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, इन्फ्लुएंझा ए, एच1एन1. आई दचकलीच. "म्हंजे स्वाईन फ्लू? त्यो गेलता न्हवं?"

मलाही तसंच वाटत होतं. 2009 ला मी पुण्यात नोकरीला होतो, स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला ऑगस्टमध्ये, शाळा बंद, थिएटरं बंद, मेडिकलबाहेर मास्कच्या रांगा, पोरंपोरी तोंडाला रुमाल बांधून फिरायची. मग ते सगळं पेपरातनं गायब झालं आणि आपण धरून चाललो की रोग पण गेला. डॉक्टरांनी सांगितलं की तो कुठं गेला नाही, तोच विषाणू दरवर्षीच्या फ्लूमध्ये सामील होऊन आपल्यातच राहिलाय. नुसतं फ्लू म्हटलं की लोक हसतात आणि स्वाईन फ्लू म्हटलं की पळतात, आणि बऱ्याच वेळा दोन्ही एकच असतं. डुकराचा आता संबंध नाही, तो माणसाकडनं माणसाला येतो.

आबांना ऑसेलटामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध चालू केलं, 75 ची गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. डॉक्टर म्हणाले हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, आपण चौथ्या दिवशी आलाय, तरी ॲडमिट पेशंटला आम्ही देतोच. मग फाईलमध्ये लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात आधी कुणाला झालं होतं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. आबा नळी लावलेल्या अवस्थेत म्हणाले, "त्याला काय म्हाईत, त्यो बी आजारीच हुता की." हे वाक्य माझ्या अजून कानात आहे. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सात दिवसांनी घरी आलो. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका चांगलाच वाढतो, कॅनडात 2018 ला एक अभ्यास छापून आला त्यात सहापट निघाला होता, म्हणून स्टेंटवाल्या माणसाला छातीत जरा जरी दुखलं तरी थांबायचं नाही. दोन, पुढच्या वर्षीपासून घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची. मी मान डोलावली, बिल भरलं आणि गणपती आले तसं लशीचं विसरून पण गेलो.

आठवण झाली ती 2025 च्या मे महिन्यात. त्या वर्षी पाऊस मे मध्येच कोसळायला लागला, लोक आंबे खायचे सोडून छत्र्या शोधत होते. एका रात्री आबा खोकले. साधाच खोकला, पण मी अंथरुणात उठून बसलो. तिथंच मोबाईलवर फ्लूची लस कधी घ्यायची ते शोधलं तर सगळीकडं ऑक्टोबर, ऑक्टोबर. म्हटलं चला, अजून चार-पाच महिने आहेत, झोपलो.

सकाळी फॅमिली डॉक्टर मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, ते ऑक्टोबर अमेरिकेचं, त्यांच्याकडं फ्लू थंडीत येतो. आपल्याकडं एक लाट जानेवारी ते मार्च असते आणि दुसरी पावसाळ्यात, आणि आपल्या भागात पावसाळ्यातली जोरात असते, गेल्या ऑगस्टला तुम्ही बघितलंच. म्हणजे घ्यायची असेल तर पाऊस जोरात सुरू व्हायच्या आधी, कारण टोचल्यावर अंगात तयारी व्हायला दोन आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातनं दोनदा बसून ठरवते की येत्या हंगामाच्या लशीत कुठले विषाणू घालायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपल्या पावसाळ्याच्या आधी मिळते ती ताजी लस दक्षिणेची. हे ऐकून मला गंमत वाटली, विषाणूच्या हिशोबात कोल्हापूर ऑस्ट्रेलियाच्या बाजूला.

मग घरात विषय काढला. हाच खरा अवघड भाग, दवाखाना त्यामानानं सोपा.

पहिला आडवा आला शेजारचा तात्या. तात्या तालमीतला माणूस, साठीत पण छाती अजून ताठ, रोज सकाळी गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पितो आणि तेच सगळ्यावर औषध म्हणून सांगतो. "फ्लूला काय सुई टोचायची मर्दा? दूध पी, जोर मार. आणि आम्ही काय डुक्कर खात नाही, आम्हाला कुठला स्वाईन फ्लू?" मी म्हटलं खाण्यानं नाही होत तो. "मग चिकन?" ते बर्ड फ्लूचं तात्या, वेगळं. "सगळं एकच की, फ्लू तो फ्लू." तात्याच्या तब्येतीच्या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर होतं, ते मला आमच्या आजीनं दिलेलं. आजी तिच्या सासूकडनं ऐकलेली गोष्ट सांगायची, 1918 च्या मानमोडीची. फ्लूच होता तो, मुंबई बंदरातनं आत आला आणि देशभर एक कोटीच्या वर माणसं गेली. गावात तिरडी बांधायला माणूस मिळेना म्हणायची. आणि त्यात म्हातारेकोतारे मागं राहिले, वीस ते चाळिशीतली धट्टीकट्टी माणसं जास्त गेली. तात्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तवा दूध कुठं एवढं मिळत हुतं." आता ह्याला काय बोलणार.

दुसरा मुद्दा त्याचाच. "किती टक्के गुण हाय ह्या लशीला?" मी वाचलेलं सांगितलं, ज्या वर्षी लशीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू जुळतात त्या वर्षी डॉक्टरकडं जायला लावणारा फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. तात्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे पास क्लास की रं! पास क्लासच्या पोराला एवढे पैसे?" बोलला ते अगदीच चुकीचं नाही. पण मी गेल्या वर्षीचं दवाखान्याचं बिल बघितलंय, मला पास क्लास चालतोय. आणि लस घेऊनही फ्लू झालाच तर न्यूमोनिया, ॲडमिट हे कमी होतं, मला नेमकं तेच पाहिजे होतं.

बायकोचा मुद्दा मात्र बिनतोड वाटला. तिनं पोराचं लसीकरणाचं कार्ड काढून माझ्यापुढं टाकलं. "हे बघ, इन्फ्लुएंझा लिहिलंय, लहानपणीच तीन वेळा मारलंय. परत कशाला? मी तर नाही घेऊन जाणार त्याला." कार्डावर खरंच तसं होतं, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीत हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझी. रात्री बसून वाचलं तर त्यामागची भानगड भारी निघाली. हा मुळात जिवाणू. 1892 ला जर्मनीत रिचर्ड फायफर नावाच्या शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत तो सापडला आणि त्याला वाटलं फ्लू ह्याच्यामुळंच होतो, म्हणून नाव पडलं इन्फ्लुएंझी. खरा फ्लूचा विषाणू माणसात सापडला 1933 ला, लंडनला. तोपर्यंत नाव चिकटलेलं, ते तसंच राहिलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची चूक फुलेवाडीत आमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडण लावत होती. हिबची लस पोरांना मेंदूज्वर, न्यूमोनियापासून वाचवते, ती पाहिजेच, पण फ्लूशी तिचा संबंध नाही. बायकोला सकाळी सांगितलं, ती म्हणाली, "मग नाव तरी बदलायचं की." बरोबर आहे.

धाकट्या भावाची बायको इचलकरंजीला, तिला सातवा महिना. तिच्या आईचं म्हणणं गरोदर बाईला कुठली सुई नको. मॅडमनी उलट सांगितलं, गरोदरपणात फ्लू जास्त अंगावर येतो, ही लस मेलेल्या विषाणूची असते, कुठल्याही महिन्यात चालते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, तेव्हा त्याला मिळेल ते संरक्षण आईकडनंच. राज्यात 2015 पासून गरोदर बायकांना आणि बीपी-शुगरवाल्यांना सरकारी दवाखान्यातनं ही लस मोफत द्यायचं धोरण आहे, स्टॉक आहे का तेवढं विचारा, हेही त्यांनीच सांगितलं. तिनं घेतली. तिच्या आईला अजून माहीत नाही.

आणि आता आबा. आबा माळकरी. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, आमच्या घरात रविवारी सगळं गाव रस्सा भुरकत असलं तरी त्यांचं ताट वेगळं, अंडं पण नाही. आणि मी वाचून बसलोय की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. दोन दिवस मी गप्प बसलो, म्हटलं सांगायचंच नाही, टोचून झाल्यावर कशाला कळतंय. मग वाटलं, गेल्या वर्षी ह्या माणसाला न सांगता एक गोष्ट दिली, आता दुसरी पण न सांगताच द्यायची का? संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर जाऊन बसलो आणि सांगितलं. अंड्यात विषाणू वाढवतात आबा, मग त्याला मारतात, फोडतात, गाळून शुद्ध करतात, अंड्याचं नावाला उरलं तर उरतं.

आबा बराच वेळ माळेवरनं बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "गेल्या साली दवाखान्यात त्यांनी काय काय दिलं ते कुणी इचारलं हुतं? औषध ते औषध. खायाचं ते येगळं." आणि लगेच पुढचं, "पर मला नंदवाळला चालत जायाचंय बघ. त्याच्या आदी टोच."

नंदवाळ म्हणजे आमच्याकडचं प्रति पंढरपूर. आषाढीला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासनं दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होतं, पावसात हजारो माणसं खांद्याला खांदा लावून चालतात. स्टेंट बसल्यावर एक-दोनदाच चुकली असेल त्यांची. त्या वर्षी आषाढी 6 जुलैला होती. दोन आठवडे आधी म्हणजे 22 जूनच्या आत टोचून व्हायला पाहिजे. मला मुदत मिळाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडमच्या दवाखान्यात लस संपलेली, त्या म्हणाल्या बाहेरून आणली तरी चालेल, फक्त थंड ठेवून आणा. राजारामपुरीत एका मेडिकलमध्ये मिळाली. त्यानं बर्फाच्या पिशवीबरोबर दिली आणि म्हणाला "थंडच ठेवा हां." मी आबांसाठी एकच घेतली, म्हटलं बघू आधी. घरी आलो, त्यात लाईटचा खेळ चालू होता, दर तासाला जातेय आणि येतेय. मी विचार केला की थंड ठेवायचं तर जेवढं थंड तेवढं चांगलं, लाईट गेली तरी फ्रीझर टिकतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मॅडमनी खोक्यावरची ओळ दाखवली, 2 ते 8 डिग्री, आणि खाली बारीक अक्षरात, गोठवू नये. गोठली की लशीतली प्रथिनं बिघडतात, परत पाणी झालं तरी दिसायला तशीच, गुण जातो. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, बरेच जण सांगत नाहीत." गेले अठराशे. आईला कळलं तसं तिनं मटारची पिशवी काढून शांतपणे विचारलं, "ह्येचं काय झालं न्हाई न्हवं?"

दुसऱ्यांदा शहाणपणानं गेलो. 14 जून, शनिवार. मुलाच्या शाळेचा थंड डबा घेतला, तळाला बर्फाची पिशवी, वर टॉवेलची घडी, वर लशीची खोकी, म्हणजे बर्फ थेट लागणार नाही. चार खोकी घेतली, आबा, बायको, पोरगा आणि मी. आई म्हणाली मला नको, मला सुईची भीती, आणि ह्या बाबतीत तिचं कुणी मन वळवू शकलेलं नाही. मेडिकलमधनं थेट दवाखाना, मध्ये मिसळीला पण थांबलो नाही, हे कोल्हापुरात लिहून ठेवण्यासारखं आहे.

नंबर यायला तासभर लागला तेव्हा एक खोकं हातात घेऊन वाचत बसलो. आत काय काय आहे त्याची यादी होती. ए/व्हिक्टोरिया/4897/2022, एच1एन1. ए/क्रोएशिया/10136आरव्ही/2023, एच3एन2. बी/ऑस्ट्रिया/1359417/2021. बी/फुकेट/3073/2013. मला आधी वाटलं बॅच नंबर असतील. मॅडमनी सांगितलं, ही विषाणूंची नावं आहेत, आधी जात, मग कुठल्या गावात किंवा देशात सापडला, मग तिथला नमुना क्रमांक, मग साल. सात-बाराचा उतारा वाचावा तसं वाटलं, गाव, गट नंबर, साल. दरवर्षी का घ्यायची ह्याचं उत्तर त्या ओळीतच होतं, पुढच्या वर्षी ह्यातलं एखादं गाव आणि साल बदललेलं असणार, कारण विषाणू अंगरखा बदलत राहतो, आणि शिवाय गेल्या लशीचा जोर वर्षभरात उतरतो. चौथा जो फुकेटचा, त्याचं घराणं यामागाता, ते मार्च 2020 नंतर जगात कुठं सापडलेलंच नाही, कोरोनात सगळे घरी बसले त्यात बहुतेक संपलं. म्हणून आता तीनच विषाणूंची लस करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगतेय. मी म्हटलं म्हणजे मयताच्या नावावर रेशन चालू आहे. मॅडम हसल्या, म्हणाल्या, असू दे, त्यानं तोटा नाही.

आबांना आधी. सदरा वर करून दंड पुढं केला, डोळे मिटून पांडुरंग पांडुरंग, झालं. पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला ते वेगळं. त्याचं वय सात आणि पहिल्यांदाच घेतोय, म्हणून नऊ वर्षांच्या आतल्यांना असतं तसं त्याला चार आठवड्यांनी दुसरा डोस. हे कळल्यावर तो आणखी ओरडला. नंतर पंधरा मिनिटं सगळ्यांना बसवून ठेवलं, कुणाला चक्कर, पुरळ काही येतंय का बघायला.

रात्री माझा हात दुखत होता, डाव्या कुशीवर झोपता येईना. आबांना दुसऱ्या दिवशी थोडी कणकण, थर्मामीटरवर 99.6. आईला तेवढंच पाहिजे होतं. "बघ, बघ, लस टोचली आणि फ्लू आला." मलाही क्षणभर पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांतनं फ्लू होऊ शकत नाही, अंग जागं झालंय त्याची ती कणकण, एक-दोन दिवसांत जाईल, पॅरासिटामॉल द्या. सोमवारी सकाळी आबा फुलांची परडी घेऊन बागेत.

नंदवाळला गेले. पाऊस होता, इरलं घेतलं नाही, भिजले. आईचा ठाम विश्वास की पावसात भिजलं की फ्लू होतो, मी तिला सांगून थकलोय की पाण्यातनं नाही येत, माणसाच्या खोकल्या-शिंकेतनं येतो, पाऊस पडला की आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बसतो त्याचा तो परिणाम. मी माझ्या ऑफिसची गोष्ट सांगितली, सहा माणसं, एक पंखा. ते तिला थोडंफार पटल्यासारखं दिसलं. आबांना मी मास्क दिला होता, रिंगणापर्यंत तोंडाला होता, पुढं भजनात गळ्यात आला.

12 जुलैला पोराचा दुसरा डोस झाला. ह्या वेळी रडला नाही, आधीच कबूल करून घेतलं होतं की रंकाळ्यावर भेळ.

आणि जुलैच्या शेवटी मी पडलो. नाक गळतंय, घसा खवखवतोय, ताप नावाला. तात्या दारातच उभा राहून, "काय रं, सुई वाया गेली न्हवं?" मी पण मनात तेच म्हणत होतो. मॅडमकडं गेलो, त्यांनी तपासलं, टेस्टची गरज नाही म्हणाल्या, सर्दी-खोकल्याचे विषाणू दोनशेच्या वर प्रकारचे, रायनो, ॲडिनो, आणखी काय काय, ही लस फक्त इन्फ्लुएंझाची, त्यातल्याही यादीतल्यांची. तात्याला हे सांगितलं तर म्हणाला, "एवढे हायत तर दोनशे सुया घे." माझा फ्लू होता की दुसरं काय, सांगू शकत नाही. पण ह्या वेळी मी पहिल्या शिंकेला मास्क लावला, आतल्या खोलीत झोपलो, खिडकी उघडी ठेवली आणि तांब्या वेगळा घेतला. आबा दारात येऊन उभे राहायचे. कपाळावर हात ठेवायला आत यायला लागले की मी ओरडायचो, आबा बाहेर, मग ते उंबऱ्यावरनंच विचारायचे, "हाय का ताप?" चार दिवस असं. अझिथ्रो आणली नाही, मेडिकलवाल्यानं न मागता पुढं केलेली परत केली.

ऑगस्ट गेला. आबांना त्या वर्षी दवाखाना नाही. लशीमुळं, मास्कमुळं की नशिबानं, त्याची पावती कुणी देत नाही. तात्या अजून दूधच पितोय आणि तोही ठणठणीत आहे, हे पण सांगितलं पाहिजे.

लशीच्या खोक्यांवरचे स्टिकर मी आबांच्या फाईलला लावले होते, तारीख टाकून. परवा बघतो तर आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलंय, पुढच्या सालाचं कॅलेंडर अजून आलेलं नाही म्हणून. "मे. आबा सुई. पोरगं सुई." आणि त्याखाली, दोनदा गिरवून, "फ्रीजर नको."